फुकट पाकिटं पाठवायची का? माझ्या वहीतला हिशेब

काकू म्हणालीस म्हणून अगं-तुगं करते, राग मानू नको. तुझा प्रश्न असा: सावजी मसाला आणि ठेचा विकायला लागून आठ महिने झाले. खाण्यापिण्यावर लिहिणाऱ्या आणि रील करणाऱ्या अकरा जणांनी ‘बार्टर कोलॅब’ म्हणून, म्हणजे फुकट मालाच्या बदल्यात त्याबद्दल लिहू असं सांगून, माल मागितला आहे. पाठवायचा का?

त्या अकरांपैकी एकालाही पाठवू नको. पाठवायचाच असेल तर ज्यांनी मागितला नाही त्यांना पाठव. उलटं वाटेल, पण हे मी पदरचे पैसे घालून शिकले आहे.

नागपूरच्या मानेवाड्याला घरातूनच मसाले करते, नऊ वर्षं झाली. चार वर्षांपूर्वी मलाही अशीच हौस आली होती. चौदा जणांना खोकी पाठवली. सावजी मसाला, काळा मसाला आणि जवसाची चटणी अशी तीन-तीन पाकिटं. वही समोर घेऊन सांगते: खोक्यामागे माल २८५ रुपये, खोकं आणि चिकटपट्टी ३०, कुरियर ९०. झाले ४०५. चौदांचे ५,६७०. मिरची कुटताना खोकण्यात गेलेल्या दोन दुपारी यात धरलेल्या नाहीत.

एक शहाणपण मात्र केलं होतं. प्रत्येकाला वेगळा कूपन कोड दिला होता, त्यामुळे कोणामुळे किती ऑर्डरी आल्या ते कळलं. नऊ जणांनी पुढे एक अक्षर लिहिलं नाही. तिघांनी माझ्या पत्रकातला मजकूर उचलून जसाच्या तसा टाकला. ‘दगडफुल’ असं चुकीचं छापलं होतं मी, ती चूकही तशीच! त्या तिघांकडून मिळून तीन ऑर्डरी.

चौथा ऐंशी हजार फॉलोअरवाला पोट्टा. त्याने सावजी मसाला पनीरमध्ये घातला, वर साय ओतली आणि ‘बाप्पा, जाळ निघाला’ म्हणत कॅमेऱ्यापुढे पाणी प्यायला. रील धावली बरं का. खाली शेकड्याने कमेंटी आल्या, पण त्यातल्या निम्म्या ‘भाऊ, लोकेशन?’ अशा. लोकांना वाटलं हे कुठलं तरी हॉटेल आहे. ऑर्डरी दोन.

पाचवी मुलगी मूळची इथलीच, लग्न होऊन पुण्याला गेलेली. वाचणारे जेमतेम दोन हजार. तिच्या कोडवर सतरा ऑर्डरी आल्या. या बाईने त्याआधी दोनदा स्वतःचे पैसे देऊन माझा मसाला मागवला होता, आणि चौदांत तशी ती एकटीच होती. तिचे वाचक म्हणजे नागपूर सोडून गेलेली माणसं, जी घरी रांधतात आणि ज्यांना तिथल्या दुकानात ही चव सापडत नाही. मसाला मंद आचेवर तेल सुटेपर्यंत परतायचा, घाई केली तर कच्चा लागतो आणि तर्री येत नाही, हे तिने स्वतःच्या कढईचा फोटो टाकून सांगितलं. पाकीट एकदा फाडलं की बंद होत नाही आणि डब्यात मसाला सांडतो, हेही लिहिलं. मला झोंबलं. पण पुढच्या लॉटला झिपवाली पाकिटं आणली.

म्हणून आधी तुझी ऑर्डरींची वही काढ. दोनदा किंवा जास्त वेळा माल घेतलेल्यांपैकी कोण लिहितं, कोण व्हिडिओ करतं ते बघ. पाच नावं निघाली तरी खूप झालं. मागणाऱ्यांपैकी एखादी खरंच चांगली वाटलीच, तर तिची मागची दहा लिखाणं वाच. दहाही पदार्थ ‘अप्रतिम’ असतील तर अकरावा तुझा. त्याने कोणाचा काय फायदा?

ठेच्याबद्दल वेगळं सांगते. तेलावरचा ठेचा मी एकदा मे महिन्यात एका लिहिणाऱ्या बाईंना काचेच्या बरणीत पाठवला. नागपूरचा मे, त्यात खोकं दोन दिवस कुठल्या तरी गोदामात तापलेलं. झाकणातून तेल झिरपलं, पुठ्ठा तेलकट झाला, आणि त्या बाईंनी तसाच फोटो टाकला. चूक माझीच होती, त्यांना काय बोलणार? तेव्हापासून झाकणाखाली सील लावते आणि एप्रिल ते जून ठेचा गावाबाहेर पाठवतच नाही.

सोबत चिठ्ठी काय लिहायची, तर माझी चार ओळींची असते. आवडलं नाही तर तसंच लिहा. लिहायलाच हवं असं नाही. लिहिलंत तर माल फुकट मिळाला हे स्पष्ट सांगा. अर्धा किलो चिकनला अमुक चमचे मसाला, अमुक तेल. बस. विशेषणांचं पत्रक घालू नको, ते उचललं जातं. आणि हे चमच्यांचं प्रमाण मी तेव्हा दिलं असतं, तर तो पनीरवाला प्रकार कदाचित टळला असता. ‘टाकण्याआधी मला दाखवा’ असंही म्हणू नको. किंमत किंवा घटक चुकले असतील तर नंतर कळवता येतं.

‘पैसे नाही दिले, मग ती जाहिरात कशी?’ असं तू विचारलं आहेस. तसं नाही. एएससीआय म्हणजे जाहिरातींवर लक्ष ठेवणारी संस्था. तिच्या ज्या सूचना १४ जून २०२१ पासून लागू आहेत, त्यांत फुकट मिळालेली वस्तूही लिहिणारा आणि विकणारा यांच्यातला व्यवहारी संबंध धरली जाते आणि ही जाहिरात आहे असं लेबल लावावं लागतं. व्हिडिओ १५ सेकंदांपर्यंतचा असेल तर लेबल किमान ३ सेकंद दिसलं पाहिजे. दोन मिनिटांच्या आतला असेल तर एक-तृतीयांश वेळ. त्याहून मोठा असेल तर मालाबद्दल बोलणं चालू असेपर्यंत. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानेही अशाच सूचना काढल्या. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दंड पहिल्या खेपेला १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत होऊ शकतो, आणि तो माल बनवणाऱ्यालाही लागतो. तेव्हा कोणी ‘या मसाल्याने शुगर उतरते’ वगैरे लिहिलं तर खूश होऊन शेअर करू नको, लगेच काढायला सांग. भिवापुरी मिरचीचंही तेच. तिला भौगोलिक मानांकन आहे. पाकिटावर ते नाव छापलंस तर आत तीच मिरची हवी. नीट लिहिणारा माणूस पहिला प्रश्न तोच विचारतो.

टीडीएसची, म्हणजे देणाऱ्याने आधीच कापून भरायच्या कराची, भीती तुला कोणी काहून घातली? १ जुलै २०२२ ला आयकराच्या १९४आर कलमाने आलेला नियम फुकट दिलेल्या वस्तूंना लागू होतो हे खरं. पण एका व्यक्तीला वर्षात २०,००० रुपयांच्या वर माल गेला तरच. आणि स्वतःच्या नावावर धंदा करणाऱ्याची उलाढाल आदल्या वर्षी एक कोटीच्या आत असेल तर तेही नाही. आपण दोघी अजून त्या गावच्या नाही. जीएसटी नंबर घेतला असशील तर मात्र वाटलेल्या नमुन्यांवरचं इनपुट क्रेडिट (खरेदीत भरलेल्या जीएसटीची वजावट) मिळत नाही, तेवढं हिशेबात वेगळं काढून ठेव. आणि फुकटचं पाकीट म्हणून कोरी पिशवी देऊ नको. एफएसएसएआयचा (खाद्यपदार्थांच्या परवान्याचा) चौदा आकडी नंबर, बॅच, तारीख, हिरवा ठिपका सगळं त्यावरही हवं.

एक आणखी. तू लिहिलंस की सध्या महिन्याला साठ पाकिटं होतात आणि साठही संपतात. मग कोणाच्या लिखाणामुळे एका आठवड्यात चाळीस ऑर्डरी आल्या तर देशील कुठून? माझ्या त्या सतरांतल्या चौघींना मी तीन आठवडे थांबवलं, त्यांतल्या दोघी परत आल्या नाहीत. आधी शंभर पाकिटं फळीवर दिसू दे. उन्हाळ्यात मिरची वाळते आहे तोवर कुटून ठेव, आणि खोकी पाऊस ओसरल्यावर, दिवाळीच्या महिनाभर आधी पाठव. तेव्हा बाहेरगावी राहणाऱ्यांना घरच्या चवीची आठवण येत असते.

वही बघून झाली की दोनदा घेणारे किती निघाले तो आकडा इथे लिही. नावं नको. त्यावरून किती खोकी परवडतील ते सांगते.