मोर्चा नंतर, आधी जेटीवर चक्कर

गावात धार्मिक सलोख्याचं काम सुरू करायचंय ना? मग बॅनर, पत्रकं तूर्त बाजूला ठेव. पहाटे रत्नागिरीच्या मिरकरवाडा मासेमारी बंदरावर जा. तांडेल (बोटीचा म्होरक्या) इथला, जाळी आवरणारे खलाशी बरेचसे नेपाळी, लिलावात हिंदू-मुसलमान सगळेच. ‘हे बाहेरचे’ ही कुजबुज इथेच सुरू होते, म्हणून तुझी ओळखही इथेच हवी. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत गावातल्यांना बोलायला सवड असते. खलाशी तेव्हा गावी जातात, त्यांना ऑगस्टात गाठ.

(घाई वाटली तर आठव: १९२७ साली महाडलाही आधी परिषद भरली, मग लोक चवदार तळ्यावर गेले.)

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- अफवेचा व्हिडिओ ‘हे खोटं आहे’ म्हणत पुढे ढकलतात. पसरतो तो व्हिडिओच! त्यापेक्षा स्क्रीनशॉट, तारीख, नंबर जपून ठेव. समाजांत तेढ पसरवण्यावर भारतीय न्याय संहितेचं कलम १९६ लागतं, तक्रारीला पुरावा लागतो.
- आपल्याच विचाराची माणसं जमवतात. मच्छीमार सोसायटीचा चेअरमन, मुसलमानांच्या जमातीतले बुजुर्ग, पालखीचे मानकरी यांच्याशी शिमग्याआधी बोलून ठेव. ऐन वेळी फोन उचलला जातो.
- रात्री एकटेच समजवायला जातात. अजिबात नको. ११२ लाव.

संघटनेचं नाव, लोगो वगैरे दिवाळीनंतर बघू.