गाडीचं विचारा : इटालियन गाडी आणि पुण्याचा ट्रॅफिक

प्रश्न : दादा, २०१६ ची फियाटची अबार्थ पुंटो मिळतेय, ३४ हजार किमी चाललेली, मालक एकच, भाव पण बसतोय. घरचे म्हणतात इटालियन गाडी म्हणजे पांढरा हत्ती. घेऊ का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : इटालियन म्हणताय पण हिचं जन्मगाव रांजणगाव, आपल्या नगर रोडवरचं. म्हणजे माहेर जवळच आहे, फक्त माहेरच्यांनी दार लावून घेतलंय, कारण २०१९ च्या सुमारास फियाटनं इथला गाशा गुंडाळला आणि त्याच कारखान्यातून आता जीप आणि टाटाच्या गाड्या निघतात.

इंजिन १.४ लिटरचं टर्बो पेट्रोल, नाव टी-जेट, १४५ बीएचपी, २०१५ ला आली तेव्हा दहा लाखाच्या आत एवढी ताकद कोणी देत नव्हतं. इंजिन तसं दणकट आहे, लोक उगाच त्यालाच घाबरतात आणि दुर्लक्ष करतात टायमिंग बेल्टकडे, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टन एका तालात ठेवणाऱ्या रबरी पट्ट्याकडे. ३४ हजार ऐकून खूश होऊ नका, रबराला किलोमीटर कळत नाहीत, वर्षं कळतात. हा बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात, मग इंजिनाचं हेड उतरवा, व्हॉल्व्ह बदला, खर्च कुठल्या कुठे जातो. वॉटर पंप पण त्याच बेल्टवर फिरतो, त्यामुळे बेल्ट, तो ताणून धरणारा टेन्शनर, पंप सगळं एकदमच करून घ्यायचं, मजुरी एकदाच लागते.

विकणारा ‘मागच्याच वर्षी बदललाय’ म्हणाला तर बिल मागा. बिल ‘घरी कुठंतरी असेल’ तर बदललेला नाही असं धरा आणि भावातून तेवढे कापा. माझ्याच एका जुन्या गाडीला (कुठली ते जाऊ द्या) एका गॅरेजवाल्यानं नवीन बेल्टचे पैसे घेतले, वर्षभरानं दुसऱ्यानं कव्हर उघडलं तर आत जुनाच, दातांच्या मुळाशी बारीक भेगा पडलेला. तेव्हापासून काढलेला बेल्ट हातात घेतल्याशिवाय मी पाकीट उघडत नाही.

गाडी बघायला सकाळी जा आणि बॉनेटला हात लावून बघा, गरम लागलं तर तुम्ही यायच्या आधीच चालू करून ठेवलीये, का ते विचारा. मग स्पीडब्रेकरवरून हळू न्या, पुढून खडखड आली तर सस्पेन्शनचे लिंक रॉड किंवा लोअर आर्मचे बुश गेलेत, हे आपल्या रस्त्यांचं देणं आहे, घाबरू नका. ईसीयू रिमॅप केलाय का, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदललीये का, ते मात्र स्पष्ट विचारा. पार्टचं म्हणाल तर फियाटच्याच लिनिया टी-जेटला हेच इंजिन, त्यामुळे इंजिनाचं सामान नाना पेठेत फिरलात तर हाती लागतं, पण अबार्थचे स्वतःचे बंपर आणि अलॉय व्हील मिळवताना घाम फुटतो. चारही अलॉय फिरवून बघा, एकही वाकडा नको.

बेल्टचे पैसे बाजूला काढून ठेवणार असाल तर घ्या.

प्रश्न : मी एका साहेबांकडे ड्रायव्हर आहे. साहेब जुनी लॅम्बोर्गिनी गॅलार्डो घेतायत, ई-गिअरवाली. क्लच लवकर जातो म्हणे, खरंय का?
– एक वाचक, बाणेर

उत्तर : खरंय भाऊ, पण निम्मा दोष चालवणाऱ्याचा. पेडल दोनच दिसतात म्हणून लोक ती ऑटोमॅटिकसारखी चालवतात, आत मात्र साधा सिंगल क्लचच आहे, तो पायाऐवजी हायड्रॉलिकनं दाबला जातो एवढंच. युनिव्हर्सिटी चौकात इंचाइंचानं पुढे सरकवत राहिलात की प्रत्येक वेळी क्लच घासतो. सिग्नलला न्यूट्रल करा, पुढच्याला जरा जाऊ द्या, मग एकदम निघा, मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू दे. आणि पार्किंगचा चढ रिव्हर्समध्ये कधीच नाही.

महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर बॅटरीला मेंटेनर (हळूहळू चार्ज देत राहणारा चार्जर) लावून ठेवा, नाहीतर बॅटरी बसते आणि मग इलेक्ट्रॉनिक्सचे भलतेच दिवे लागतात. (बटणांचं कोटिंग चिकट होणं हा त्या काळातल्या फेरारींचा आजार, साहेबांचं मन तिकडे वळलं तर बोटानं दाबून बघायला सांगा.)

क्लच किती झिजलाय ते स्कॅनर लावून टक्क्यात कळतं. तो आकडा टोकन द्यायच्या आधी मागून घ्या.