सरासरी, सर्रास आणि साधारण

प्रश्न असा आलाय की "आमच्या वाडीतले चाकरमानी सरासरी गणपतीला येतातच" हे वाक्य बरोबर आहे का, आणि सरासरी, सर्रास, साधारण हे तिन्ही एकच ना?

नाही, एकच नाहीत. गंमत म्हणजे सरासरीचं मूळ फारसी 'सरासर', म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि सर्रासही मला त्याच घरातला वाटतो. पण मराठीत दोघांनी कामं वाटून घेतली. सर्रास म्हणजे जिकडेतिकडे, बहुतेक वेळा दिसणारं. सरासरी म्हणजे सगळं एकत्र करून समान वाटलं तर प्रत्येकाच्या वाट्याला येईल तो आकडा. साधारण म्हणजे नुसता अदमास. जुनी माणसं अदमासालाही सरासरी म्हणायची, माझी आजी "सरासरी शंभरेक नारळ धर" असंच म्हणायची, म्हणून हा गोंधळ होतो.

आमच्याकडे यावरून खरंच भांडण झालंय. आंब्याच्या 10 पेट्या गेल्या, त्यातली सुरुवातीची एक 9000 ला आणि बाकी नऊ 2000 ने. चुलतभाऊ म्हणाला पेटीला सरासरी 2700 मिळाले, आणि काका भडकले, "सत्तावीसशे खय गावले? सर्रास दोन हजारच गावतत!" अर्धा तास चाललं आणि दोघंही बरोबर होते! एकूण 27000 भागिले 10 म्हणजे 2700च, पण 2700 ला एकही पेटी गेली नव्हती. शाळेत मध्य, मध्यक, बहुलक शिकवतात ना, त्यातला भाऊ मध्य (म्हणजे बेरीज भागिले संख्या) सांगत होता आणि काका बहुलक (म्हणजे सगळ्यात जास्त वेळा आलेला आकडा). मध्यकही, म्हणजे भाव चढत्या क्रमाने मांडले तर मधोमध येणारा आकडा, 2000च. खर्चाचा मेळ घालायला भावाचा आकडा हवा, पुढच्या पेटीला काय मिळेल हे सांगायला काकांचा. एवढं समजलं असतं तर जेवण गार झालं नसतं, म्हणून मला हे गणित परीक्षेपेक्षा घरात जास्त कामाचं वाटतं.

पावसाचंही तेच. देशाच्या पावसाच्या बातमीत "सरासरीइतका पाऊस" म्हणतात ती जून ते सप्टेंबरची, अख्ख्या देशाची, 1971 ते 2020 या वर्षांवरून काढलेली 87 सेंटीमीटरची सरासरी असते. कोकणात त्याच्या कितीतरी पट पडतो. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पडला, म्हणजे देशाच्या चार महिन्यांच्या सरासरीपेक्षा जास्त! आणि जून कोरडा जाऊन सगळा जुलैत कोसळला तरी सरासरी भरतेच की, पण तोवर तरवा (लावणीची भातरोपं) करपलेला असतो. त्यामुळे कोणी सरासरी म्हटलं की आधी विचारायचं, कुठली, किती दिवसांची, कितीजणांची? हे विचारणं म्हणजे खुसपट काढणं नाही, त्याशिवाय त्या शब्दाला अर्थच येत नाही.

याच्याच जवळचं, "शितावरून भाताची परीक्षा" वादात सर्रास (बघा, इथे सर्रासच) वापरतात. टोपातला सगळा भात एकाच पाण्यात शिजतो म्हणून एक शीत पुरतं. बाजारात बांगड्याच्या वाट्यात (विकायला लावलेल्या ढिगात) वर ठेवलेल्या मोठ्या बांगड्यावरून खालचे कळत नाहीत, तिथे हात घालून खालचा बघावा लागतो. म्हणजे कोणी "माझ्या ओळखीत एक जण आहे" म्हणून सगळ्यांबद्दल बोलायला लागला की हे शीत आहे का वरचा बांगडा, एवढं बघायचं.

आता मूळ वाक्य. "चाकरमानी गणपतीला सर्रास येतात" हे बरोबर. सरासरी म्हणायचं तर पुढे आकडा पाहिजे, "घरटी सरासरी 4 माणसं येतात" असं. आणि तेही जपून, कारण एका घरात बारा जणं उतरली आणि शेजारची दोन घरं कुलूपबंद राहिली तरी सरासरी चारच येते.