वीस वर्षं तेच आमदार, पुन्हा तेच उभे. पहिलं मत कसं ठरवू?

2024 च्या विधानसभा निवडणुकीआधी आलेला तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय एकवीस, नोकरी पुण्यात, मत येवला मतदारसंघात. छगन भुजबळ 2004 पासून तिथले आमदार आहेत आणि 20 नोव्हेंबर 2024 च्या विधानसभेला पुन्हा उभे आहेत. वडील म्हणतात यांनाच द्यायचं, मित्र म्हणतात वीस वर्षं झाली, आता बदल पाहिजे. पहिलंच मत आहे, तर ठरवायचं कसं?

मी नाशिकला राहतो, पण जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तर म्हणून नोकरीची अकरा वर्षं राजापूर-ममदापूरच्या पट्ट्यात काढली आहेत. त्या गावांसाठी जीव तुटतो, म्हणून सविस्तर लिहितोय. कोणाला द्या ते मी सांगणार नाही. ते सांगणारे तुमच्या घरातही आहेत आणि मित्रांतही.

"किती वर्षं झाली" एवढ्यावरून ठरवू नका. 2004, 2009, 2014, 2019 अशी चार वेळा लोकांनीच निवडून दिलं आहे. मात्र ज्याला वीस वर्षं मिळाली, त्याला एक प्रश्न हक्काने विचारता येतो, जो नव्या माणसाला विचारता येत नाही: ज्या कामाला वीस वर्षं लागतात, ते काम कुठवर आलं? आणि येवल्यात असं काम एकच, पाणी.

तुम्ही तालुक्याच्या कुठल्या भागातले ते लिहिलेलं नाही. पालखेडच्या डाव्या कालव्याखाली शेत असेल तर आवर्तन (कालव्याला ठरावीक दिवस सोडलेलं पाणी) कधी सुटतं याची वाट बघण्यात तुमचं बालपण गेलं असेल. पूर्वेकडे आणि उत्तरेकडे तेवढंही नव्हतं. माझ्या वर्गात चौथीला एक मुलगी होती. टँकर आला की तो गावच्या विहिरीत रिकामा करायचे आणि मग बायका-पोरी काठावर दोर घेऊन उभ्या. ही मुलगी त्या दिवशी दुसऱ्या तासाला यायची. फ्रॉकची खालची कड ओली, हाताला दोराचे लाल वळ. पाटीवर पेन्सिल धरताना ती बोटं फुंकायची. त्या गावांचं हे दुखणं कोणा एका पुढाऱ्याने आणलेलं नाही, तो भाग मुळातच अवर्षणाचा. पण ते दूर करायला पुढारीच लागतो, कारण तिथे पाणी आणायचं तर दुसऱ्या खोऱ्यातून आणावं लागतं.

मांजरपाडा म्हणजे तेच. दिंडोरी तालुक्यातलं, डोंगरापलीकडे पश्चिमेला समुद्राकडे वाहून जाणारं पाणी अडवून बोगद्यातून इकडे वळवायचं. ते उनंदा नदीतून पुणेगाव धरणात, तिथून कालव्याने चांदवडच्या दरसवाडीला आणि पुढे येवल्याच्या डोंगरगावपर्यंत न्यायचं. भुजबळांच्या प्रचारात हे नाव असतंच, आणि हे काम लहान नाही हे मी मनापासून मानतो. पण प्रकल्प कधीही धरणाच्या भिंतीवरून मोजू नका. टेलला जा. म्हणजे कालव्याच्या शेवटच्या चारीवर, शेतात पाणी नेणाऱ्या छोट्या पाटावर, ज्याचं शेत आहे त्याला विचारा: पाणी आलं का, किती दिवस राहिलं, विहिरीला उतरलं का? शासनाने 2023 च्या खरिपात ज्या 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात आपल्या जिल्ह्यातले मालेगाव, सिन्नर आणि येवला होते. म्हणजे खरी परीक्षा 2024 च्या उन्हाळ्यातच होऊन गेली. त्या एप्रिल-मे महिन्यात टँकर कुठल्या गावांना लागला आणि कुठल्या गावांचा बंद झाला, हे तिथल्या बायकांना तोंडपाठ असतं. दोन दिवस आधी गावी या आणि दोन-तीन घरी बसून ऐका. कुठल्याही सभेपेक्षा जास्त कळेल.

समोरचे उमेदवार माणिकराव शिंदे यांनाही हाच प्रश्न विचारा. तुम्ही आलात तर पहिल्या दोन वर्षांत चाऱ्यांचं काय करणार? "बदल" हे उत्तर होत नाही. नव्या माणसाकडे कामाचा हिशेब नसतो, मग निदान कालव्याची माहिती तरी असावी.

तुमचे मित्र कदाचित म्हणतील, विधानसभेत किती प्रश्न विचारले ते बघ. एरवी मीही तेच सांगितलं असतं. पण भुजबळ 2019 ते जून 2022 मंत्री होते आणि जुलै 2023 पासून नोव्हेंबर 2024 च्या निवडणुकीपर्यंत पुन्हा होते. मंत्री सभागृहात प्रश्न विचारत नाही, उत्तरं देतो. त्यामुळे प्रश्न मोजायचेच असतील तर मधल्या वर्षभराचे मोजा. बाकीच्या काळासाठी विचार असा करा: अन्न व नागरी पुरवठा खातं हातात होतं, तर रेशन दुकानात धान्य वेळेवर आलं का, पूर्ण मिळालं का?

कांद्याचं दुखणं वेगळं ठेवा. डिसेंबर 2023 ची निर्यातबंदी केंद्राची होती, मे 2024 मध्ये ती उठली तीही केंद्रानेच उठवली. लासलगाव तुमच्याच मतदारसंघात आहे, लोकांच्या मनात ती आग अजून आहे आणि ती रास्तच आहे. त्याचा हिशेब 2024 च्या दिंडोरी लोकसभेत (येवला त्यातच येतं) लोकांनी केंद्रातल्या सत्ताधाऱ्यांना हरवून मांडलाही. आमदाराकडे मागायचं ते राज्याच्या हातातलं: कांदाचाळीचं अनुदान, बाजार समितीचा कारभार, 2023 मध्ये जाहीर झालेलं क्विंटलला 350 रुपये तुमच्या वडिलांच्या खात्यात पडलं का.

गटार, गल्लीतला दिवा, शाळेची गळकी खोली हे खरं तर आमदाराचं काम नाही. पण जिल्हा परिषदेत मार्च 2022 पासून 2024 पर्यंत निवडून आलेला एकही सदस्य नव्हता, प्रशासकच होता. म्हणून लोक सगळंच घेऊन आमदाराच्या दारात जातात आणि मग मतही त्यावरच ठरवतात. मला हे मनापासून खटकतं.

आता अवघड गोष्ट. यंदा मराठा-ओबीसी आरक्षणाचा विषय घराघरात शिरलाय. वर्षानुवर्षं एका बांधावर बसून भाकरी खाल्लेली माणसं एकमेकांच्या दारावरून मान खाली घालून जाताना मी गेल्या दिवाळीत पाहिली आहेत. वडिलांचं मत त्यातून आलं असेल, मित्रांचंही. त्यांच्याशी भांडू नका. पण तुमचं मत कुणाच्या आडनावावरून ठरवू नका, एवढं मी हात जोडून सांगतो. पाण्याला आडनाव नसतं, टेलवर सगळ्या समाजांची शेतं आहेत.

वडील म्हणत असतील की तुझ्या एकट्याच्या मताने काय होतंय, तर त्यांना दिंडोरीची 2009 ची विधानसभा आठवून द्या. नरहरी झिरवाळ तिथे अवघ्या 149 मतांनी हरले होते. आणि जुनं घर कधीच हलत नाही असं मित्र म्हणत असतील तर त्यांना नाशिकजवळचा देवळाली मतदारसंघ सांगा. 1990 पासून आधी वडील, मग मुलगा असं घोलपांकडेच होतं, 2019 ला सरोज अहिरे निवडून आल्या.

निघण्याआधी उमेदवारांची शपथपत्रं वाचा, आयोगाच्या संकेतस्थळावर मिळतात. मालमत्ता, कर्ज, प्रलंबित खटले, पाच वर्षांचं उत्पन्न सगळं त्यात असतं. 2019 चं आणि आत्ताचं शेजारी ठेवून वाचा. तासाभराचं काम आहे.

यादीतलं नाव आणि केंद्र आजच तपासा. गावात नवी खोली झाली की केंद्र बदलतं. नुसती मतदार चिठ्ठी ओळखपत्र म्हणून चालत नाही, मतदार कार्ड किंवा आधार सोबत ठेवा. बुधवारची सुट्टी आहे, पण मंगळवारी रात्री नगर-मनमाड रस्त्याच्या एसटीला गर्दी असेल, आरक्षण आधीच करा.

यंत्रासमोर घाई करू नका. केंद्राध्यक्ष म्हणून बसलो तेव्हा मी पाहिलंय, बटण दाबलं की लोक लगेच वळतात. 2024 च्याच दिंडोरी लोकसभेत विजयी उमेदवाराच्या तुतारीसारख्या दिसणाऱ्या चिन्हावर एका अपक्षाला एक लाखाहून जास्त मतं पडली, आडनावही त्याच विजयी उमेदवाराचं होतं. यंत्रावर नाव, फोटो आणि चिन्ह तिन्ही असतात, तिन्ही बघा. मग बटण दाबा आणि शेजारच्या काचेत चिठ्ठी दिसते ती सात सेकंद बघत उभे राहा. मागची रांग थांबते, काळजी करू नका.