नफ्यातला धंदा आणि गुंतवणूकदाराचा नकार

प्रश्न : वाशीच्या घाऊक फळबाजारात केळी आणि आंबे पिकवण्याच्या बंद खोल्यांत तापमान व आर्द्रता मोजणारे यंत्र आम्ही दोघे मित्र बसवतो. रात्री कॉम्प्रेसर बंद पडला की गाळेधारकाच्या मोबाइलवर इशारा जातो. सध्या १४ गाळेधारक दरमहा पैसे देतात, डोक्यावर कर्ज नाही आणि थोडा नफाही सुटतो. तरीही आम्ही भेटलेल्या तिन्ही गुंतवणूकदारांनी ‘काम चांगले आहे, पण आत्ता नको’ असेच सांगितले. नफा असताना नकार का?
— एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : आपल्या कामात काहीतरी खोट आहे, असा अर्थ या नकारातून कृपया काढू नका. कर्ज देताना बँक हप्ते वेळेवर येतील की नाही एवढेच पाहते, कारण तिची कमाई व्याजापुरती ठरलेली असते आणि म्हणून तिला संथ पण खात्रीचा धंदा चालतो. सुरुवातीच्या टप्प्यावर भागभांडवल देणाऱ्याला व्याजही नाही आणि तारणही नाही, त्यामुळे त्याचा हिशेब मुळातच वेगळा असतो.

समजा, एखाद्याने २० कंपन्यांत प्रत्येकी २५ लाख, म्हणजे एकूण ५ कोटी रुपये घातले. त्यांपैकी निम्म्या बंद पडतील आणि आणखी काहींतून जेमतेम मुद्दल सुटेल, हे तो पहिल्या दिवसापासून धरून चालतो; म्हणूनच प्रत्येक नव्या कंपनीकडे पाहताना ‘ही एकटी माझे सगळे ५ कोटी परत आणू शकेल का’ असा प्रश्न त्याच्या मनात असतो. तुमच्या कंपनीचे मूल्य, त्याचे पैसे धरून, अडीच कोटी ठरले तर २५ लाखांना त्याला १० टक्के हिस्सा मिळेल. पुढच्या फेऱ्यांत नवे गुंतवणूकदार आले की तो घटत जाऊन, समजा, ६ टक्क्यांवर येईल. त्या ६ टक्क्यांचे ५ कोटी व्हायचे तर तुमच्या कंपनीचे मूल्य सुमारे ८३ कोटी, म्हणजे आजच्या तेहतीस पट व्हायला हवे. तुमचा आजचा नफा पाहून तो समाधानी होतो, पण त्याचा निर्णय या तेहतीस पटींवर ठरतो.

त्यामुळे त्याचे प्रश्नही त्याच दिशेचे असतात. आंब्याचा हंगाम संपल्यावर, ऐन पावसाळ्यात, १४ पैकी किती गाळेधारक पैसे देत राहतात? इशारा आल्यावर व्यापारी खरोखर माणूस पाठवतो, की सकाळी बाजारात आल्यावरच पाहतो? यंत्राच्या नोंदींतून अशा दोन-चार रात्री काढून दाखवता आल्या, म्हणजे इशारा किती वाजता गेला, खोली किती वेळात पुन्हा थंड झाली आणि किती माल वाचला हे मांडता आले, तर ते कोणत्याही सादरीकरणापेक्षा अधिक बोलके ठरेल. प्रत्येक यंत्र बसवायला तुम्हा दोघांपैकीच कोणीतरी जात असेल, तर जळगाव, नाशिक किंवा दिल्लीच्या बाजारात ते कोण बसवणार, हाही प्रश्न येईल. आणि फळांपलीकडे, तुर्भे-महापे पट्ट्यातल्या औषधांच्या शीतगृहांना हेच यंत्र चालेल का, याचे उत्तर तुमच्याकडे तयार असायला हवे, कारण बाजारपेठेचा आवाका तिथेच वाढतो.

‘आत्ता नको’ म्हणणाऱ्याला कोणती गोष्ट दिसली तर तो पुन्हा विचार करील, हे सरळ विचारा आणि दर तीन महिन्यांनी अर्ध्या पानात प्रगती कळवत राहा. मात्र एक निर्णय त्याआधी तुम्ही दोघांनी घ्यायचा आहे. पाच-सहा शहरांत मिळून ३०० ग्राहक आणि दोन घरे नीट चालतील एवढा नफा, हेच तुमचे चित्र असेल, तर ते उत्तम चित्र आहे. पण भागभांडवल हा त्यासाठीचा पैसा नव्हे. उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगांची सरकारी नोंदणी, करून सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीच्या पतहमी योजनेखाली विनातारण कर्जासाठी बँकेकडे जा. तेहतीस पटींचे वचन मनापासून देता येत नसताना ते देऊ नये, असे माझे ठाम मत आहे, कारण पुढची आठ-दहा वर्षे तुमचा प्रत्येक निर्णय त्या वचनाला बांधलेला राहील.

प्रश्न : आमची खासगी मर्यादित कंपनी वागळे इस्टेटमध्ये आहे. सुरुवातीला माझ्या मामांनी १५ लाख दिले आणि आम्ही त्यांना ४० टक्के शेअर दिले. उरलेले मी आणि माझी भागीदार यांच्यात निम्मे-निम्मे आहेत. आता एक गुंतवणूकदार म्हणतात, आधी हे मिटवा. मामांना दुखवायचे नाही.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : कोणी विश्वास ठेवत नव्हते तेव्हा मामांनी पैसे दिले, हे आधी त्यांच्यासमोर बोलून दाखवा. त्यानंतर कागद-पेन्सिल घेऊन पुढचे गणित मांडा. नव्या गुंतवणूकदारांना प्रत्येकी २० टक्के हिस्सा देणाऱ्या दोन फेऱ्या झाल्या की मामांचे २५.६ टक्के उरतील आणि तुम्हा दोघींकडे प्रत्येकी केवळ १९.२ टक्के. रोज कामाला न येणाऱ्याचा हिस्सा काम करणाऱ्यांपेक्षा मोठा असेल तर संस्थापकांचा जीव कंपनीत किती काळ राहील, हीच गुंतवणूकदाराची काळजी आहे आणि ती रास्त आहे.

मामांनी काही शेअर विकून आपले पैसे वाढीसह मोकळे करून घ्यावेत आणि १०-१५ टक्के पुढच्या वाढीसाठी ठेवावेत, असा मार्ग बहुधा दोन्ही बाजूंना मानवतो. करापुरते एक लक्षात ठेवा. आयकर कायद्यात मामा हे भाचीचे ‘नातेवाईक’ ठरतात, म्हणून त्यांनी तुम्हाला भेट दिलेल्या शेअरवर तुम्हाला कर लागत नाही. तुमच्या भागीदाराला मात्र तेच शेअर रास्त मूल्यापेक्षा कमी किमतीत मिळाले, तर फरकावर कर लागू शकतो. सही करण्यापूर्वी सनदी लेखापालांना दाखवा.

प्रश्न : एंजल टॅक्स अजून लागतो का?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : नाही. खासगी कंपनीने रास्त मूल्यापेक्षा जास्त किमतीला शेअर दिले, तर वरच्या रकमेवर कंपनीला कर लावणारी, २०१२ मध्ये आलेली ही तरतूद जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात सर्व प्रकारच्या गुंतवणूकदारांसाठी रद्द झाली. शेअरच्या मूल्यांकनाचा अहवाल मात्र कंपनी कायद्यानुसार आजही लागतो. शेअरसाठी आलेले पैसे स्वतंत्र बँक खात्यात ठेवा, ६० दिवसांत शेअरवाटप करा आणि वाटपानंतर १५ दिवसांत कंपनी निबंधकांकडे विवरण भरा. ते भरेपर्यंत त्या पैशांना हात लावता येत नाही.