एमएमए (मिक्स्ड मार्शल आर्ट्स) लढतीवरच्या सट्ट्याच्या आकड्यांत '-२००', 'ओव्हर २.५' म्हणजे काय?

'-२००' म्हणजे १०० रुपये कमवायला २०० लावावे लागतात, '+१७०' म्हणजे १०० लावल्यावर १७० नफा. एकाच लढतीतल्या दोन खेळाडूंचे हे आकडे जिंकण्याच्या टक्क्यांत बदलून पाहाच: २०० ÷ ३०० = ६६.७ आणि १०० ÷ २७० = ३७. बेरीज १०० ऐवजी १०३.७ येते, म्हणजे वरचे ३.७ बुकीच्या खिशात. लावणाऱ्याचा तोटा इथूनच सुरू होतो.

सगळ्यात जास्त गल्लत 'ओव्हर २.५'ची होते, म्हणजे लढत अडीच फेऱ्यांपेक्षा जास्त चालेल यावर लावण्याची. फेरी ५ मिनिटांची, म्हणून ही रेषा तिसऱ्या फेरीच्या २:३० वर असते. दुसरी फेरी संपली म्हणजे ओव्हर लागला, असं नाही.

'निकालाची पद्धत' यात नॉकआउट किंवा टीकेओ (टेक्निकल नॉकआउट, म्हणजे लढत मध्येच थांबवणं), सबमिशन (पकडीत अडकून हार) आणि पंचांचा निर्णय असे प्रकार येतात. डॉक्टरांनी लढत थांबवली तर सहसा टीकेओ. गळा आवळून शुद्ध हरपली तर मात्र सबमिशन.

पार्लेपासून, म्हणजे अनेक लढती जोडून एकच पैज लावण्यापासून, लांबच राहा. ६० टक्के शक्यतेच्या ३ लढती जोडल्या तर तिन्ही बरोबर येण्याची शक्यता जेमतेम २२ टक्के उरते.

नागपुरात बसून पैसे लावणं बेकायदेशीर आहे: राज्यात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आहे आणि २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ बंद केलेत. रविवारी सकाळी तर्री-पोहे खाता खाता लढत समजून घ्यायला हे आकडे पुरेसे आहेत.