पुण्याच्या पेठांमध्ये कृष्णधवल पोर्ट्रेट काढायची आहेत. अनोळखी माणसाला विचारायचं कसं आणि प्रकाश कुठे मिळतो?

आधी कॅमेरा पिशवीतच ठेवा. कसबा पेठेतल्या तांबट आळीत, म्हणजे तांब्याची भांडी घडवणाऱ्यांच्या गल्लीत, सकाळी जा, हातोडीचे ठोके ऐका, कामाबद्दल विचारा. मग सरळ म्हणा, "काका, तुमचा एक फोटो काढू का?" नाही म्हणाले तर नमस्कार करून पुढे. लांबून झूम लावून चोरून काढलेला फोटो मला पटतच नाही.

प्रकाशासाठी दुकानाचा उंबरा बघा. माणूस उंबऱ्याच्या जरा आत, तोंड रस्त्याकडे. मागचा अंधार आपोआप काळा होतो आणि चेहऱ्यावर मऊ उजेड येतो. एकदा एका कारागिराच्या भुवईवर तांब्याची बारीक धूळ दिसली; रंगीत फोटोत ती हरवली होती, कृष्णधवलमध्ये एकेक कण उठून आला.

५० मिमी लेन्स, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/२.८, शटर १/२५० सेकंद पुरे. फोटो रॉ मध्येच, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्येच घ्या. नंतर एडिटिंगमध्ये कृष्णधवल करताना नारंगी स्लायडर (नारंगी छटा उजळ-गडद करणारी पट्टी) फार वर नेऊ नका, त्वचा उजळते आणि सुरकुत्या पुसल्या जातात. त्या सुरकुत्यांसाठीच तर आपण गेलेलो असतो!

आणि प्रिंट काढून नेऊन द्या. पुढच्या खेपेला शेजारचे स्वतःहून हाक मारतात.